दोन नाटकांची तुलना लिहायचीय? आधी बघा प्रश्न कोण विचारतंय

'दोन आधुनिक नाटकांतलं जेंडर, सत्य आणि सत्ता यांची तुलना करा' असा विषय आला की बहुतेक जण पानाला मधोमध रेघ मारतात, डावीकडे एक नाटक, उजवीकडे दुसरं, आणि मग स्त्रीचं शोषण इथेही आहे तिथेही आहे, झालं. मीही केलंय हे, मार्कंही पडली, पण नंतर वाचलं तर त्यात नाटक कुठे नव्हतंच, नुसती मतं.

तर पहिली गोष्ट, थीम शोधू नका, दोन्हीकडे सापडणारा एकसारखा प्रसंग शोधा. उदाहरणाला तेंडुलकरांचीच दोन घेऊ, 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आणि 'कमला' (१९८१). लेखक एकच असला की बरं पडतं, फरक दिसला तर तो शैलीचा म्हणून सोडून देता येत नाही. या दोघांत एकसारखं काय, तर चौकशी. एकीकडे नाटक मंडळींनी वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, आरोपी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. दुसरीकडे पत्रकार जयसिंग जाधव बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला अडीचशे रुपयांत कमलाला विकत आणतो आणि तिला प्रेस कॉन्फरन्समध्ये उभी करतो.

आता एकच प्रश्न दोन्हीला लावा: प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तर कोणाच्या वहीत जातंय? सत्ता इथे सापडते, 'पुरुषप्रधान संस्कृती' या शब्दात नाही (तो शब्द पहिल्या पानावर आला की मी तरी पुढचं चाळतोच).

बेणारेचं बघा. शेवटी या खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ काढून तिला बोलायला दहा सेकंद देतात. ती गप्प. मग प्रकाश बदलतो, बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि ती तिचं ते लांबलचक स्वगत बोलते, आपण सगळं ऐकतो, आणि नंतर कोर्टाच्या हिशेबात आरोपीने काहीच निवेदन केलेलं नसतं. म्हणजे खरं जे होतं ते प्रेक्षकाकडे पोचलं पण रेकॉर्डवर आलंच नाही. हा एक मुद्दा नीट उलगडला तरी तुमची दोन पानं भरतात.

'कमला'त उलटं आहे. प्रेस कॉन्फरन्स आपल्याला दिसतच नाही. ती बाहेर होते आणि घरी आल्यावर जयसिंग आणि त्याचा पत्रकार मित्र जैन हसत हसत सांगतात, कमलाला काय काय अचकट विचकट विचारलं ते, आणि जयसिंगची बायको सरिता ऐकत असते. शांततामध्ये आपण खटल्याला बसलेलो, इथे आपण सरितासोबत घरात बसलेलो. हा फरक लिहा, कारण तो रंगमंचावरचा आहे, गोष्टीचा सारांश लिहिणाऱ्याला तो सापडत नाही.

सत्याबद्दल लिहिताना एक चूक हमखास होते, 'सत्य दडपलं जातं' म्हणून मोकळे होतात. अहो, इथे सत्य दडपलं जात नाहीये, बाहेरच काढलं जातंय! खेळ जिथे आहे त्या गावातला सामंत साक्षीला उभा राहतो तेव्हा तो हातातल्या कादंबरीतलं वाचून बेणारेबद्दल थापा मारत असतो आणि ती थाप नेमकी खरी निघते. जयसिंगची बातमी तर शंभर टक्के खरी. तरी बेणारेला आणि कमलाला त्या खऱ्याचा उपयोग शून्य, खटला संपतो आणि कमलाची रवानगी बायकांच्या आश्रमात होते. खरं कोणाच्या कामी आलं असं विचारा, खरं की खोटं असं नको.

जेंडरला बाई विरुद्ध पुरुष एवढंच समजू नका. बेणारेला पिंजऱ्यात ओढत आणणारी मिसेस काशीकर आहे, आणि तिलाच नवरा दर चार वाक्यांनी गप्प करतो. सरिता तर शिकलेली, दिल्लीतल्या बंगल्यात राहणारी, पण नवऱ्याचे फोन कोणाचे आले ते लिहून ठेवणं हे तिचं काम. मग कमला तिला अगदी सहज विचारते, तुम्हाला कितीला आणलं? सरिता सातशे म्हणते. कमलाला सौदा महाग वाटतो, वर मूलही नाही. इथे थोडं थांबून लिहा, कारण नवऱ्याच्या घरात आपण कोण हे सरिताला नवऱ्याने नाही, शिकलेल्या मैत्रिणीने नाही, बाजारातून आणलेल्या बाईने दाखवलंय. आणि जयसिंगही मालक नाहीच पूर्ण, पेपरच्या मालकाने मनात आणलं की त्याची नोकरी जाते. सत्तेची उतरंड वरपर्यंत जाते हे तुलनेत आलंच पाहिजे, शांततामध्ये ही वरची पायरी इतकी स्पष्ट नाहीये.

लिहायला बसण्याआधी वस्तूंची यादी करा, हे माझं आवडतं काम. 'शांतता'त टिक ट्वेंटीची (ढेकणांच्या विषाची) बाटली, काशीकरांचं कानकोरणं, दाराची कडी. पहिल्याच प्रसंगात बेणारेचं बोट त्या कडीत चेमटतं, आपण म्हणतो बारीकसारीक आहे, आणि खटल्यातून निसटून दाराकडे जाते तेव्हा तीच कडी उघडत नाही. 'कमला'त अशी वस्तू म्हणजे फोन. कडी आतल्या बाईला कोंडते, फोनमुळे बाहेरचं जग सतत घरात येतं पण सरितासाठी कधीच नाही. एवढ्यावर एक पॅरा होतो.

शेवटाबद्दल 'ती हरली' किंवा 'ती जिंकली' असं लिहू नका प्लीज. बेणारे पडलेली असते, बाकीचे रात्रीच्या खेळाच्या तयारीला लागतात, सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून हळूच निघून जातो. सरिता मात्र सगळं बोलून टाकते, तिच्या काकांसमोर, काकासाहेबांसमोर, आणि तरीही नोकरी गेलेल्या नवऱ्याला त्या रात्री सोडत नाही. एकीने बोललेलं तिच्या माणसांपैकी कोणी ऐकलं नाही, दुसरीचं एकाने ऐकलं.