क्लॉक डिव्हायडर वाजवायला नेण्याआधी

आधी सम ठरवा, केबल नंतर लावा. क्लॉक डिव्हायडर म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझरमधलं, केबलने इतर भागांना जोडायचं एक मॉड्यूल. त्याचं काम ऐकायला साधं आहे: क्लॉककडून आत येणारे पल्स, म्हणजे लय देणारे विजेचे ठोके, मोजायचे आणि दर दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या पल्सला बाहेर एक पल्स सोडायचा. पण मोजणी कुठून धरायची, हे त्याला आपणच सांगावं लागतं. मी पहिल्यांदा चार लोकांसमोर वाजवलं तेव्हा मधेच क्लॉक थांबवून पुन्हा सुरू केला, आणि किक ड्रम एकीकडे, बास भलतीकडे. रीसेटच्या, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून सुरू करणाऱ्या, जॅकमध्ये काहीच लावलेलं नव्हतं, त्यामुळे डिव्हायडर थांबला होता तिथूनच पुढे मोजत राहिला. तेव्हापासून माझी तयारी रीसेटपासून सुरू होते.

तुमचा डिव्हायडर कोणत्या आकड्यांनी भागतो ते पाहून ठेवा. डोपफर कंपनीचा ए-१६०-१ फक्त दुपटीत जातो: २, ४, ८, १६, ३२, ६४. ए-१६०-२ वर मूळ संख्यांचाही पर्याय आहे, म्हणजे ३, ५, ७, ११ मिळतात. फोरएमएस कंपनीच्या रोटेटिंग क्लॉक डिव्हायडरवर १ ते ८ असे आठ आउटपुट असतात आणि व्होल्टेज देऊन ते आकडे जॅकवर फिरवता येतात. नुसत्या दुपटीवर चौकोनी ठेका छान बसतो, पण लय खेळवायची तर ३ आणि ५ हवेतच.

मॉड्यूल नवं असेल तर रॅक बंद करून रिबन केबल तपासा. लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला. यात घाई नको.

क्लॉक कुठून येतोय आणि किती वेगाचा, हे कागदावर लिहून ठेवा. मिडी, म्हणजे वाद्यांना जोडणारी डिजिटल भाषा, तिचा क्लॉक एका क्वार्टर नोटला (एका ठोक्याला) २४ पल्स देतो. तो तसाच घेतला तर सोळाव्या नोटसाठी (पाव ठोक्यासाठी) ६ ने भागावं लागेल. कॉर्गच्या वोल्का या छोट्या सिंथचा सिंक मुळात क्वार्टरला २ पल्सचा. मी रॅकमध्ये सोळाव्या नोटचा सरळ क्लॉक ठेवतो, मग हिशेब तोंडी होतो: मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ६४ ने भागलेला पल्स बरोबर ८ सेकंदांनी, म्हणजे चार बारनी (चार ठोक्यांचा एक बार) येतो. फिल्टर उघडायला किंवा सूर बदलायला तो हक्काचा. स्विंग (एकाआड एक पल्स थोडा उशिरा) मात्र डिव्हायडरच्या आधी घालू नका. ३ ने भागताना कधी लांब, कधी आखूड पल्स हाती येतो आणि ठेका लंगडतो.

आता बाहेरचा पहिला पल्स कधी येतो ते बघा. काही डिव्हायडर पहिल्याच पल्सला वाजतात: १, ४, ७. काही तीन मोजून झाल्यावर: ३, ६, ९. दोन वेगळ्या जातीचे डिव्हायडर एकत्र आले तर सम जुळणार नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाईल.

रीसेटला मात्र निवांत वेळ द्या, सगळी गंमत तिथेच आहे. पहिल्या पल्सला वाजणारा डिव्हायडर ३ वर लावा आणि दर ८ पल्सला रीसेट द्या: १, ४, ७ आणि पुन्हा १. हा झाला ३-३-२, क्यूबाच्या संगीतातला ओळखीचा त्रेसियो. रीसेट १६ वर नेला तर १, ४, ७, १०, १३, १६ आणि लगेच सम. शेवटचे दोन ठोके एकमेकांना चिकटून येतात आणि बार पुढे ढकलला जातो. तबल्याच्या अंगाने विचार करणाऱ्यांना इथे रूपक तालाचा मोह होतो. पण ७ वर रीसेट केल्यावर ३-३-१ मिळतं, रूपक ३-२-२ चा. त्यासाठी सिक्वेन्सरच (ठोके एकेक करून मांडता येणारं मॉड्यूल) घ्या.

रीसेटचा पल्स आखूड असू द्या. बऱ्याच डिव्हायडरमध्ये रीसेटवर व्होल्टेज आहे तोवर मोजणी गोठलेली राहते. १६ च्या आउटपुटमधून निघालेला लांब गेट (बराच वेळ उंच राहणारं व्होल्टेज) सरळ तिथे घातला तर अर्धा बार गप्प जातो. क्लॉक आणि रीसेट एकाच क्षणी आले तर एखादी मात्रा गिळली जाते, म्हणून पॅच लावल्यावर दोनचार आवर्तनं कान देऊन ऐका.

हीच गोष्ट एन्व्हलपची, म्हणजे आवाजाचा चढ-उतार ठरवणाऱ्या मॉड्यूलची. ८ ने भागलेला आउटपुट कित्येकदा चार पल्स उंच राहतो, आणि सस्टेन (सूर धरून ठेवण्याची पातळी) वर असेल तर बास तेवढा वेळ कण्हत बसतो. सस्टेन शून्यावर आणा किंवा ट्रिगर (अगदी आखूड पल्स) घ्या. दोन आउटपुट एका जॅकवर आणायचे तर साध्या मल्टिपलमध्ये (एक सिग्नल अनेक जॅकवर वाटणाऱ्या भागात) एकमेकांना जोडू नका, ऑर लॉजिकचं मॉड्यूल (कुठूनही पल्स आला तरी पुढे सोडणारं) मधे घाला.

शेवटी मिक्सर बंद ठेवून नुसते दिवे बघत वाजवा. पहिल्या पल्सला वाजणारे ३ आणि १६ चे आउटपुट रीसेटविना सोडा, एका हाताने मांडीवर ताल धरा आणि तोंडाने मोजा. तिनाचा दिवा बारवरून घसरत जाताना दिसेल, दुसऱ्या बारला सम चुकवेल, तिसऱ्यालाही. ४९ व्या पल्सला दोन्ही दिवे एकदम लागले की फेडर वर घ्या.