कारखान्याच्या शॉपवर मुली टिकत नाहीत? आधी हे बघा

भोसरी-चाकणला छोटं युनिट असलेले सगळे हेच रडगाणं गातात, पोरी येतात नि तीन महिन्यात सोडून जातात. अहो पण लेडीज टॉयलेटची चावी सुपरवायझरच्या खिशात असेल तर कोण थांबेल? आधी ते नीट करा. मग सेकंड शिफ्टला गाडी, पार दारापर्यंत, नाक्यावर सोडून पळणारी नको. इंटरव्ह्यूत ‘लग्न कधी?’ विचारूच नका, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात द्या नि जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला पार्ट, मोजायला लावा, पोरगा असो की पोरगी सगळ्यांना तोच जॉब, लगेच कळतं कुणाला येतंय ते. १० माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागतेच (२०१३चा कायदा), ५० झाली की पाळणाघर. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवरून आल्यावर तिचंच मशीन तिला द्या, पॅकिंगला बसवलं की गेलीच समजा.