दररोज : एका तोलाईदाराची बायबल वाचायची रीत

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. यंदा १ जानेवारीला त्यानं मोठ्या जोरात बायबल वाचायला घेतलं आणि फेब्रुवारी नीट लागायच्या आत गार पडला. फोनवर म्हणाला, "मामा, लेवीयात अडकलो. बैलाच्या चरबीचं काय करायचं हे वाचून मी काय करू?"

मला हसू आलं. हिशेबच तसा आहे. बायबलमध्ये ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. वर्षात संपवायचं म्हटलं तर रोजचे सव्वातीन पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० उरकले की जानेवारीच्या शेवटाला तिसरं पुस्तक, यज्ञबलींच्या नियमांचं लेवीय, समोर उभं. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या घाटात गाड्या बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसलेली माणसं दिसतात ना, तशी दर फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या मंडळीतली अर्धी माणसं दिसतात. त्याला म्हटलं, तू वाचतोस कसं ते आधी सांग, मग मी माझी रीत सांगतो. ते बोलणं लांबलं. त्यातलंच इथं लिहितोय.

मी चर्चचा पाळक नाही, सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेची, पायरी चढलेलो नाही. सांगलीत तीस वर्षं हळदीची पोती तोलली. लोक मला तोलाईदार म्हणूनच ओळखतात. तेव्हा उदाहरणं काट्याचीच येणार, ती गोड मानून घ्या.

सुरुवात कुठून

मार्कापासून. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. मार्क सोळा अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि धावतं. 'लगेच', 'तत्काळ' असं पानोपानी येतं. रोज अर्धा अध्याय वाचा, महिन्याभरात येशूबरोबर गालीलातून यरुशलेमेपर्यंत चालून होतं. मग लूक, आणि लूक संपला की प्रेषितांची कृत्ये, कारण ती दोन्ही एकाच हातची आहेत.

बायबलमधली पत्रं मात्र अशी तुकड्यातुकड्यानं वाचू नका. होस्टेलवरून पोराचं पत्र आलं तर आज चार ओळी आणि उद्या चार ओळी कोण वाचतं? फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे. पौल या प्रेषितानं ते बंदिवासातून लिहिलं. आठवडाभर रोज अख्खं वाचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ध्यानात येतं की बेड्या घातलेला माणूस सारखा आनंदाचंच बोलतोय. ते एकदा वाचून कळत नाही, निदान मला तरी कळलं नव्हतं.

एवढं झालं की उत्पत्ती घ्या. तोवर लेवीयाचं भय राहत नाही.

तीन ओळी शेजारी

अभ्यास म्हटलं की लोक जाड टीकाग्रंथ शोधायला लागतात. मी शाळेची दोनशेपानी वही वापरतो. माझ्या रीतीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एकच प्रसंग दोन-तीन शुभवर्तमानांतून काढून एकाखाली एक उतरवून घेणं. हातानं. मोबाइलवर बोट फिरवून ते होत नाही.

एक करून पाहा. मार्क ८:३४ (म्हणजे आठव्या अध्यायातली ३४ वी ओवी; वचनाला आम्ही ओवी म्हणतो), मत्तय १६:२४ आणि लूक ९:२३. येशू सांगतो की माझ्यामागे यायचं असेल तर स्वतःला नाकारा, वधस्तंभ उचला, मला अनुसरा. तिन्ही ओव्या जवळजवळ सारख्याच आहेत. लिहिता लिहिता लूकाच्या ओळीत माझं पेन अडलं. तिथं एक शब्द जास्त आहे: दररोज. मार्कात नाही, मत्तयात नाही.

चाळिशीपर्यंत मी वधस्तंभ म्हणजे मोठ्या दुखण्याची, मोठ्या छळाची गोष्ट समजत होतो. कधीतरी येईल, तेव्हा उचलू. त्या एका शब्दानं तो माझ्या सकाळच्या चहाशेजारी आणून ठेवला.

ओवी कळत नसेल तर दुसरं भाषांतर उघडा. बायबल सोसायटीचं नेहमीचं आणि एखादं सोप्या मराठीतलं, दोन्ही मोबाइलवर मिळतात. आमच्या आजीला पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं फार कौतुक. बाईंनी साध्या बायकांना समजेल असं मराठी हवं म्हणून केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि पुस्तक छापून बाहेर पडलं १९२४ ला. मी आळस केला की आजी तेवढंच ऐकवायची. आयतं ताटात वाढलंय, जेवायचाही कंटाळा?

नीतिसूत्रं तारखेनं

मार्क, लूक चालू असताना जोडीला बायबलमधलंच नीतिसूत्रं हे पुस्तक ठेवा. त्याचे ३१ अध्याय आहेत, म्हणजे ५ तारखेला पाचवा, १८ तारखेला अठरावा. खूण घालायची गरज नाही, चुकलेला दिवस भरून काढायची गरज नाही. आज जी तारीख तो अध्याय. चुकलेलं भरून काढायच्या नादातच माणसं सोडून देतात.

आता माझी गोष्ट. तेव्हा मी एका अडत्याकडं होतो, नाव नको. रीत अशी होती की पोतं काट्यावर गेलं, काटा ६१ किलो ४०० ग्रॅम दाखवतोय, तर वहीत ६१ लिहायचे. वरचे ग्रॅम सोडून द्यायचे. मला कुणी तसं सांगितलंही नव्हतं. आधीचे लिहायचे, मीही लिहू लागलो. कधी शंभर ग्रॅम जायचे, कधी नऊशे, सरासरी अर्धा किलो धरा. ऐंशी पोत्यांच्या मालात शेतकऱ्याची चाळीस किलो हळद वाऱ्यावर. वर्षभर राबून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली.

आणि मी सकाळी नीतिसूत्रं वाचून यायचो! ११ तारखेला पहिलीच ओवी: खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, खऱ्या वजनानं तो प्रसन्न होतो. १६ तारखेला पुन्हा तराजू. २० तारखेला तर एकाच अध्यायात दोनदा. महिन्यातून चार वेळा देव माझ्या काट्यापाशी येऊन उभा राहत होता आणि मी पान उलटत होतो. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. वाचन नियमित होतं, त्यात खोट नव्हती.

शेवटी पकडलं ते लेवीयानं. १९ व्या अध्यायात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे वचन आहे. ते सगळ्यांना पाठ. येशूनं ते उचललं ते तिथूनच. पण त्याच अध्यायात खाली ३५-३६ व्या ओवीत लिहिलंय की वजनात, मापात अन्याय करू नका, तुमचे तराजू खरे असोत. शेजाऱ्यावरची प्रीती आणि तराजू एकाच पानावर. म्हणून भाच्याला म्हटलं, चरबीचे अध्याय कंटाळवाणे वाटले तरी पुस्तक मिटू नकोस.

दुसऱ्या दिवसापासून ग्रॅम लिहायला लागलो. मालक काही बोलले नाहीत, पण त्या हंगामात मला काम कमी आलं. ज्यांचा माल नुकताच तोलला होता अशा एका शेतकऱ्याकडं गेलो, हिशेब सांगितला, बारा किलोचे पैसे पुढे केले. ते म्हणाले, "सगळेच करतात हो, बसा, चहा घ्या." पैसे घेतले मात्र. लूकाच्या १९ व्या अध्यायातला जक्कय हा जकातदार लुबाडलेलं चौपट परत करतो. माझ्याकडनं एकपटच झालं, तेही एकालाच. बाकीच्यांची नावंसुद्धा आठवत नव्हती.

वहीतले दोन रकाने

यानंतर मी वहीची रीत बदलली. पूर्वी डाव्या पानावर जे वाचलं त्याचं सार लिहायचो, सुंदर अक्षरात. आता एकच ओळ लिहितो: आज यातलं काय करायचं. 'प्रेम करीन' असलं लिहायचं नाही. 'धाकट्या भावाला फोन करीन' असं लिहायचं. रात्री समोरच्या रकान्यात 'केलं' किंवा 'नाही'. 'नाही' लिहायची लाज वाटते, तरी लिहायचं. माझ्या वहीत भावाच्या नावापुढं सलग अकरा वेळा 'नाही' आहे. बाराव्या वेळी फोन लावला तो बहुधा त्या रकान्याला कंटाळून.

काट्याचं एक सांगतो. वैधमापन खात्याचा शिक्का वर्षातून एकदा बसतो, पण म्हणून कुणी वर्षभर काटा तसाच वापरत नाही. रोज सकाळी धूळ पुसायची, रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचं, माहितीचं वजन ठेवून ताडायचं. रात्रभरात उंदराच्या लेंड्या पडल्या तरी काटा ग्रॅम दाखवतो. रविवारची उपासना, प्रभुभोजन यांची जागा मोठीच आहे. पण सोमवारची धूळ सोमवारीच पुसावी लागते.

हळदीच्या हंगामात वेळ नसायचा. तेव्हा ११७ वं स्तोत्र वाचायचो, दोनच ओव्यांचं. त्यात फसवल्यासारखं काही नाही, तेही पवित्र शास्त्रच आहे. हंगाम उतरला की ११९ वं घ्यायचो. १७६ ओव्या, आठ-आठ ओव्यांची बावीस कडवी, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं. रोज एक कडवं, बावीस दिवस. कामाप्रमाणं माप बदला, बंद करू नका.

पाठांतर, आणि पुरातली ओवी

सांगली-मिरज बसमध्ये मी ओव्या पाठ करतो. चिठ्ठीवर एक ओवी, शर्टाच्या खिशात, आठवडाभर तीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा शहरात शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गेलं नाही, पण खालची खोली छातीएवढी भरली आणि वह्या, बायबल, सगळ्याचा लगदा झाला. शाळेत मुक्काम होता, हाताशी जे पाठ होतं तेवढंच. तिथं एका नात्यातल्या बाईंनी यशयाच्या ४३ व्या अध्यायातलं मोठ्यानं म्हटलं, नद्यांतून चालशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत. शेजारच्या चटईवर एक माणूस होता, त्याच्या दोन म्हशी वाहून गेल्या होत्या. त्यानं तोंड फिरवलं. मलाही राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

नंतर तो अध्याय नीट वाचला. ते वचन बाबेलच्या बंदिवासात सगळं गमावलेल्या यहूदी लोकांसाठी आहे. त्यांचं काही बुडालं नाही असं तिथं कुणी म्हणत नाही. 'मी तुझ्याबरोबर असेन' हे त्यातलं मूळ. तेव्हापासून एक नियम पाळतो: ओवी आधी कुणाला लिहिली होती ते पाहिल्याशिवाय कुणाच्या अंगावर फेकायची नाही. पाणी उतरल्यावर त्या म्हैसवाल्याच्या घरातला चिखल आम्ही चौघांनी तीन दिवस काढला. यशयाचं नाव कुणी काढलं नाही.

बुधवारची घरसभा

एकट्यानं वाचलं की माणूस आपल्याला हवं तेच वाचतो. पाच-सहा जण पुरेत. आमच्याकडं बुधवारी रात्री आठला जमतात, साडेनवाला चहा आणि संपलं. उतारा दोनदा मोठ्यानं वाचतो, कारण दोघी आजींना वाचता येत नाही. आणि सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. हा नियम मुख्यतः माझ्यासाठी केलेला आहे, असं बायको म्हणते.

शेजारचे एक माळकरी गृहस्थ अधूनमधून येऊन बसतात. आमच्यातल्या एकानं कुरकुर केली. त्याला मी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण करून दिली. त्यांची भजनं तर आम्ही दर बुधवारी म्हणतो. १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानायचे. आमचे माळकरी प्रश्न असे विचारतात की आम्हाला घरी जाऊन वाचावं लागतं. जक्कयाच्या उताऱ्यावर त्यांनी विचारलं, "चौपट दिल्यावर त्याच्याकडं उरलं किती?" निम्मं तर त्यानं आधीच गरिबांना देऊन टाकलं होतं. आम्ही कुणी हा हिशेब कधी केलाच नव्हता, मी तोलाईदार असूनसुद्धा.

भाच्यानं परवा वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन रकाने आखलेत, पाच दिवस भरलेत, त्यात 'नाही' तीनदा. मार्काचा तिसरा अध्याय चालू आहे. नीतिसूत्रंही तारखेनं धरलीत. त्यानं विचारलं, ज्या महिन्याला ३१ तारीख नसते तेव्हा शेवटचा अध्याय कधी वाचायचा? ३० तारखेला दोन वाचायचे, फेब्रुवारीत २८ ला चार. ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे. फोन स्पीकरवर होता. बायको आतून ओरडली, "तुझा मामा तो अध्याय वर्षातून सातदाच वाचतो, विचार त्याला!"