बेस घुमतोय? मग या चुका टाळा

गाणी ऐकायच्या खोलीत भिंतभर दोन इंची फोम चिकटवायचा आणि मग विचारायचं, ‘बेस (खालचे, जड सूर) अजून का घुमतो?’ फोमने टाळीचा खणखणाट जातो, बेसचं काही वाकडं होत नाही. ५६ हर्ट्झची लहर २० फूट लांब असते. तिच्यापुढे फोम म्हणजे हत्ती अडवायला मच्छरदाणी. त्यात आपण परदेशी व्हिडिओ बघून कामाला लागतो. तिकडच्या जिप्सम बोर्डाच्या भिंती हलतात आणि थोडा बेस जिरवतात. आपली नऊ इंची वीट आणि वरचा स्लॅब जवळपास सगळा परत फेकतात. मी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत निदान सहा इंच जाड रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरतो, खोळ गादीवाल्याकडून शिवून घेतो. भरताना मास्क लावा, तंतू टोचतात.

माझ्या खास रागाची चूक म्हणजे खुर्ची खोलीच्या मधोमध. विश्रामबागेत एका मित्राची खोली १० बाय १०, उंचीही जवळपास तेवढीच. १० फुटांत २० फुटांची लहर बरोबर अर्धी बसते, म्हणजे तिन्ही दिशांनी तोच ५६ हर्ट्झ घुमतो. अशा वेळी त्या सुराचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. गडी नेमका तिथंच बसलेला. डग्ग्याची घुमक येईना म्हणून सबवूफरचा, म्हणजे खास बेसच्या स्पीकरचा, नॉब वाढवत गेला. पलीकडे वैनींच्या मांडणीतली ताटं वाजायला लागली, आणि हा मला विचारतोय, ‘१५ इंची सब घेऊ का रे?’ म्हटलं, ‘आधी ऊठ, त्या भिंतीला पाठ लावून उभा राहा.’ राहिला, आणि निमूटपणे नॉब खाली केला. खुर्ची मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. पैसा एक लागला नाही.

सबची जागा ठरवायला सब खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगा. जिथं सगळे खालचे सूर सारखे ऐकू येतात, तिथं सब. लाजेपोटी कुणी रांगत नाही, मग वर्षभर कुरकुरतात.

सबवरचा फेजचा स्विच (लहर उलटी करणारा) दोन्हीकडे करून ऐका.

इक्वलायझरने (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) जास्त घुमणाऱ्या सुराचा फुगवटा कापा, दबलेल्या सुराचा खड्डा भरू नका. नुसते वॉट जातात.

मोबाईलच्या माइकवर बेस मोजू नका.

आणि कोपऱ्यातल्या रॉकवूलने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्यांची तक्रार असेल तर रात्री सब बंद करा.