एनएलआर काढायचाय? आधी रक्त कोणत्या दिवशीचं ते बघा

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी एकवीस वर्षं रक्त काढतेय, स्लाइड बघतेय. रिपोर्टचा अर्थ सांगणं हे डॉक्टरांचं काम, आणि ती रेघ मी सहसा ओलांडत नाही. पण गेल्या वर्षी मामांना जठराचा कॅन्सर निघाला, आणि एका रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला.

"ताई, अप्पांचा एनएलआर अकरा आलाय. तीनच्या वर गेला की वाईट असतं म्हणे. घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून."

"रक्त कधी दिलं होतं?"

"काल. परवा केमो झाली, मग उलट्या सुरू झाल्या म्हणून सलाइन लावलं, तेव्हाच घेतलं."

मला जे विचारायचं होतं ते एवढंच. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण आमच्या काउंटरवरही हाच प्रश्न आता दर आठवड्याला येतो.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट; दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. वेगळी टेस्ट नाही, वेगळे पैसे नाहीत. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रक्तावर जो सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होतो, त्यातच दोन्ही आकडे असतात. काही लॅब न्यूट्रोफिलच्या जागी 'पॉलिमॉर्फ' छापतात, पेशी तीच. दोन्ही टक्क्यांत असतील तर सरळ भागाकार करा.

मामांचा उपचार सुरू होण्याआधीचा रिपोर्ट असा होता: हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी ७,८००, न्यूट्रोफिल ६८ टक्के, लिम्फोसाइट २२, मोनोसाइट ७, प्लेटलेट ४.६ लाख. एनएलआर आला ६८ भागिले २२, म्हणजे ३.१.

याच रिपोर्टमधून असे आणखी काही आकडे काढतात. त्यातल्या पीएलआरसाठी लिम्फोसाइटची टक्केवारी नाही, खरी संख्या लागते. ७,८०० चे २२ टक्के म्हणजे १,७१६. प्लेटलेटला तिने भागलं की पीएलआर: ४,६०,००० भागिले १,७१६, म्हणजे २६८. इथे लाखाच्या हिशेबात हमखास घोळ होतो. एका रिपोर्टवर '४.६ लाख' असतं, दुसऱ्यावर '४६०' आणि पुढे हजाराची खूण. लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट हा एलएमआर, २२ भागिले ७, म्हणजे ३.१. हा एकच उलटा चालतो, जास्त असलेला बरा. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एनएलआर केलं की एसआयआय. २०१४ मध्ये तो यकृताच्या कॅन्सरसाठी मांडला गेला आणि मग जठरासाठीही वापरात आला. मी तो काढत बसत नाही. त्यातले तिन्ही आकडे आपण आधीच बघितलेले असतात.

हे आकडे कॅन्सरबद्दल काय सांगतात? गाठीभोवती पांढऱ्या पेशी जमतात हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरखोने १८६३ मध्येच मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. गाठ आणि तिच्या भोवतीच्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात. त्यावर न्यूट्रोफिल वाढतात, यकृत सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाचं उत्पादन आखडतं. गाठीशी खरी झुंज देणाऱ्या लिम्फोसाइट मात्र कमी पडतात. जठराच्या कॅन्सरवर जपान, चीन, कोरियात अशी पाहणी पुष्कळ झाली आहे, आणि उपचाराआधी एनएलआर जास्त असलेल्या गटाचं पुढचं चित्र सरासरीने वाईट दिसतं. सरासरीने, आणि गटाचं. शिवाय रेघ कुठे मारायची ते प्रत्येकाने आपापल्या पेशंटांवरून ठरवलंय: कुणाची २ वर, कुणाची ३ वर, कुणाची ५ वर. मामांचा ३.१ एका ठिकाणी 'जास्त' ठरेल, दुसऱ्या ठिकाणी 'कमी'.

आता त्या अकराकडे येते. मामांना एफएलओटी ही चार औषधांची केमो चालू होती; दर दोन आठवड्यांनी, चार वेळा ऑपरेशनआधी आणि चार वेळा नंतर. त्यातल्या डोसेटॅक्सेलसाठी आणि उलटीसाठी डेक्सामेथासोन देतात. हे स्टेरॉइड शिरांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिलना रक्ताच्या धारेत ओढतं आणि लिम्फोसाइटना रक्ताबाहेर धाडतं. न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ८, भागाकार ११. तो आकडा औषधाचा होता. डिस्चार्ज कार्डावर 'डेक्सा' दिसलं की त्या दोन-चार दिवसांतला सीबीसी या कामासाठी बाद समजा. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन (फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम) दिलं असेल तर न्यूट्रोफिल कुठल्या कुठे जातात. ताप, खोकला, लघवीचं इन्फेक्शन, दाताचा गळू, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हे सगळं त्याच यादीत. जपून ठेवायचा रिपोर्ट तो, जो निदान झाल्यावर, उपचाराआधी, ताप नसताना दिलेल्या रक्ताचा आहे.

एक गोष्ट लॅबच्या आतली. लिम्फोसाइट कमी असल्या आणि मशीनने खूण केली की मी लेशमनने रंगवलेली स्लाइड लावते आणि शंभर पेशी मोजते. निळी-जांभळी गोल लिम्फोसाइट आली की एक बटण, तीन-चार पाकळ्यांच्या केंद्रकाची न्यूट्रोफिल आली की दुसरं. शंभर झाले की काउंटरची घंटी वाजते. मामांची ती स्लाइड मी दुसऱ्या दिवशी मागवून घेतली. माझ्या मोजणीत लिम्फोसाइट ११ आल्या, न्यूट्रोफिल ८५. भागाकार ७.७. रक्त तेच, चूक कुणाचीच नाही. शंभरच पेशी मोजल्या तर दोन-तीनचा फरक पडणारच. भाजक लहान असला की तेवढ्यानेही उत्तर उडी मारतं. म्हणून ३.१ चा ३.४ झाला तर रात्री फोन करू नका.

प्लेटलेटचंही तसंच. जठरातली गाठ पाझरते, लोह कमी होतं, आणि लोह कमी झालं की प्लेटलेट वाढतात. मामांच्या २६८ मागे सूज किती आणि ८.९ चं हिमोग्लोबिन किती, हे नुसत्या पीएलआरवरून कळत नाही. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघायचं म्हटलं तर तेही सुजेत फसवं वाढतं, म्हणून आयर्न प्रोफाइल पूर्ण मागायचं.

आता ज्याच्यावर हातपाय हलवता येतात ते. पीएनआय हा पोषणाचा आकडा जपानमध्ये ओनोडेरांनी १९८४ मध्ये पोटाच्या ऑपरेशनांसाठी मांडला: अल्ब्युमिन गुणिले १०, अधिक लिम्फोसाइटची संख्या गुणिले ०.००५. मामांचं अल्ब्युमिन ३.४, म्हणजे ३४ अधिक ८.६, एकूण ४२.६. ओनोडेरांच्या हिशेबात ४५ च्या वर निर्धास्त, ४० च्या खाली आतडं कापून जोडणं टाळावं. दुसरा ग्लासगोचा स्कोअर, सीआरपी आणि अल्ब्युमिन मिळून काढलेला. सुधारलेल्या पद्धतीत सीआरपी १० पर्यंत असेल तर शून्य, वर गेलं तर एक, आणि सोबत अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर दोन. मामांचं सीआरपी १४, म्हणून दोन.

एकक मात्र वाचा. १० हे मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. काही रिपोर्ट प्रति डेसिलिटर देतात, तिथे तेच १ होतं. आणि छोट्या लॅबमध्ये लॅटेक्सवर सीआरपी 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहून देतात. त्यावरून हा स्कोअर निघत नाही, आकडा देणारी टेस्ट मागा.

मामी लगेच रोज चार अंडी उकडायला लागल्या. खाणं हवंच, पण अल्ब्युमिन रक्तात तीनेक आठवडे टिकतं आणि सूज असेपर्यंत यकृत ते पुरेसं बनवतही नाही, त्यामुळे आठवड्यात आकडा हलला नाही म्हणून त्यांनी स्वतःला दोष देऊ नये असं मी बजावलं. आहारतज्ज्ञांची वेळ घेतली, थोडं थोडं सहा वेळा खाणं ठरलं, आणि दर सोमवारी वजन.

यातल्या कुठल्याच भागाकारावरून किंवा स्कोअरवरून केमोची औषधं बदलत नाहीत. त्यासाठी स्टेज, बायोप्सी आणि गाठीच्या तुकड्यावरच्या हर-२, एमएसआय या तपासण्या बघतात. भावाला मी एक वही घालून दिली: तारीख, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, प्लेटलेट, अल्ब्युमिन, सीआरपी, वजन. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद, 'त्या दिवशी काय चालू होतं'. अकराच्या ओळीपुढे त्याने लिहिलंय, 'केमोचा दुसरा दिवस, डेक्सा, उलट्या'. पुढच्या वेळी डॉक्टरांनी वही हातात घेतली तेव्हा बोट आधी वजनावर ठेवलं, मग त्या रुंद रकान्यावर.