विवरं कशी बनतात ते ट्रेमध्ये करून बघा आणि मग चंद्रावर ओळखा

चंद्रावरचे खड्डे म्हणजे वरून दगड पडला आणि जमीन दबली, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं, आणि तिथेच सगळी गडबड होते. सेकंदाला १५-२० किलोमीटर वेगाने आलेला दगड जमिनीत नुसता रुतत नाही, त्याची सगळी ऊर्जा क्षणात मोकळी होते, खडकातून शॉक वेव्ह (दाबाची जोरदार लाट) पसरते, दगड स्वतः बराचसा वितळतो किंवा वाफ होऊन जातो आणि आजूबाजूची जमीन स्फोट झाल्यासारखी बाहेर फेकली जाते. म्हणून विवर त्या दगडाच्या साधारण १० ते २० पट रुंद असतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं विवर १.२ किलोमीटरचं आहे, पण ते करणारा लोखंडी अशनी अंदाजे ५० मीटरचाच होता. खाणकाम अभियंता डॅनियल बॅरिंजर यांनी तिथे १९०३ पासून वर्षानुवर्षं ड्रिलिंग केलं, खाली लोखंडाचा प्रचंड साठा असणारच या खात्रीने, आणि तो सापडला नाही कारण त्यातला बराचसा भाग धडकेतच उडून गेला होता.

हे घरी करून बघायला फार काही लागत नाही. एक खोलगट ट्रे किंवा टब घ्या, त्यात ८-१० सेंटीमीटर कोरडी बारीक वाळू भरा, वर वेगळ्या रंगाच्या कोरड्या पावडरचा पातळ थर चाळणीने भुरभुरवा. हा रंगीत थर टाळू नका, आतला माल बाहेर कुठवर उडाला ते त्याच्यामुळेच कळतं. सोबत काचेच्या गोट्या, स्टीलचे छर्रे, पट्टी, टॉर्च आणि खाली अंथरायला पेपर. डोळ्यांना चष्मा किंवा गॉगल लावा, वाळू वाटते त्यापेक्षा लांब उडते.

आता गोटी १० सेंटीमीटरवरून सोडा, फेकायची नाही, फक्त सोडायची. गोटी हळूच उचलून घ्या आणि खड्ड्याची रुंदी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोजा. मग तीच गोटी ट्रेच्या दुसऱ्या कोपऱ्यात १६० सेंटीमीटरवरून सोडा. उंची १६ पट म्हणजे ऊर्जाही १६ पट, पण विवर जेमतेम दुप्पट रुंद झालेलं दिसेल. मला या सगळ्या प्रयोगातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण त्यामागचं गणित अगदी सरळ आहे: रुंदी दुप्पट झाली की उपसायचा माल ८ पट होतो, आणि तो दुप्पट उंच उचलून काठाबाहेर टाकायचा असतो, म्हणजे ८ गुणिले २. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, म्हणून प्रत्येक उंचीवरून चार-पाच वेळा सोडून सरासरी काढा.

खोलीतला लाइट बंद करून टॉर्च ट्रेच्या बाजूला अगदी खाली धरा. काठ वर उचललेला दिसेल, आणि त्याच्याबाहेर आतली वाळू रंगीत थरावर पसरलेली. उचललेला काठ आणि बाहेर फेकलेला माल, या दोन खुणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

काही विवरांभोवती पांढरे पट्टे लांबवर गेलेले असतात, तसे ट्रेमध्ये हवे असतील तर वाळू पट्टीने सपाट करू नका. सपाट केली की माल चहूबाजूला सारखा उडतो आणि पट्टे येतच नाहीत, वर-खाली असलेल्या पृष्ठभागावर मात्र छान येतात. शाळकरी मुलांच्या प्रयोगांचे व्हिडिओ बघून जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांच्या हे लक्षात आलं आणि २०१८ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला.

आता ट्रे कुठे फसवतो ते पण बघा. गोटी तिरकी मारा, खड्डा लांबट होईल. चंद्रावरची विवरं तर जवळपास सगळी गोल आहेत, मग काय सगळे दगड सरळ उभे पडले का? नाही. याच प्रश्नामुळे विवरं ज्वालामुखीचीच असणार असं कित्येक शास्त्रज्ञ बराच काळ धरून बसले होते. पण स्फोट सगळीकडे सारखा पसरतो, त्यामुळे दगड ४५ अंशात आला तरी विवर गोलच होतं, साधारण १५ अंशांपेक्षा कमी कोनात घासत आला तरच ते लांबट होतं. आपली गोटी इतकी हळू असते की तिथे स्फोट होतच नाही. ट्रेमध्ये मधली टेकडी पण येणार नाही. लोणारचं १.८ किलोमीटरचं किंवा ॲरिझोनाचं विवर वाटीसारखं साधं आहे, पण चंद्रावर १५-२० किलोमीटरपेक्षा रुंद विवरांत तळ दाबला जाऊन परत वर उसळतो, मधोमध डोंगर उभा राहतो आणि कडे ढासळून पायऱ्या पडतात, हे सगळं काही मिनिटांत.

मग दुर्बीण (बायनोक्युलर) काढा, साधी पण चालते. शुक्ल अष्टमीच्या आसपास चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, तिथे ऊन तिरकं असतं, तुमच्या टॉर्चसारखंच. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी ९३ किलोमीटरचं कोपर्निकस विवर तिथे मस्त दिसतं, छोटा टेलिस्कोप असेल तर मधले डोंगर पण. पौर्णिमेला सावल्या जातात, पण ८५ किलोमीटरच्या टायको विवराचे पट्टे तेव्हाच खुलतात, दीड हजार किलोमीटरच्याही पुढे गेलेत ते.

सगळे खड्डे धडकेचे नसतात हेही आलंच. जुन्या लाव्हाच्या बोगद्याचं छत कोसळलं की उभ्या भिंतींचा खड्डा पडतो, त्याला ना उचललेला काठ ना बाहेर फेकलेला माल. जपानच्या कागुया यानाने २००९ मध्ये चंद्रावरच्या मारियस हिल्स या टेकड्यांमध्ये असा खड्डा दाखवला, आणि मेअर ट्रँक्विलिटाटिस या चंद्रावरच्या गडद मैदानातल्या अंदाजे १०० मीटरच्या खड्ड्याखाली गुहा असल्याचं २०२४ मध्ये जुन्या रडार डेटावरून कळलं. हे दुर्बिणीतून दिसणार नाहीत, यानांचे फोटोच बघावे लागतात. फोटो बघताना आधी ऊन कुठून येतंय ते शोधा: उन्हाच्या बाजूची आतली भिंत सावलीत आणि समोरची उजळ असेल तर खड्डा, उलटं असेल तर टेकडी. तरी खड्डा फुगवट्यासारखाच दिसत राहिला तर फोटो उलटा फिरवा, लगेच आत जातो.