सोसायटीच्या आंब्यावरचं बांडगूळ

आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतोय? पानं जाडसर, फुलं नळीसारखी, शेंदरी? ते बांडगूळ. पानं हिरवी असल्याने अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे चोरतं. त्याची शोषक मुळं साल फोडून थेट लाकडात शिरतात. चिकटून बसतात तिथे फांदीवर गाठ येते, पुढचा शेंडा वाळायला लागतो.

म्हणून नुसता झुबका ओरबाडू नका, आतल्या मुळातून पुन्हा फुटतो. फांदी बारीक असेल तर गाठीच्या फूटभर मागून, खोडाच्या बाजूने कापायची आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावायची. बांडगुळाला फळं धरण्याआधी उरका. चिमुकला फुलटोचा पक्षी ती फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो, की शेजारच्या झाडावर नवा भाडेकरू हजर. (पागडी न देता!)

मुंबईत झाड आपल्या आवारातलं असलं तरी छाटणीआधी वॉर्डातल्या पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. आणि हो, खोडावरची आमरी (ऑर्किड) काढू नका. ती फक्त टेकलेली असते, झाडाचं काही घेत नाही.